वाटाण्याचा हिशेब ठेवणारा शेतकऱ्याचा मुलगा : ग्रेगोर मेंडेल

दर हंगामाआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो. गेल्या वर्षी संकरित टोमॅटोचा प्लॉट उत्तम आला, फळे एकसारखी निघाली, मग त्याच फळांचे बी काढून यंदा रोपे का करू नयेत? पाकिटाचा खर्च तरी वाचेल. यावर नुसते करू नका एवढेच सांगितले तर ते पटत नाही. कारण समजले तरच पटते. हे कारण सुमारे १६० वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलाने वाटाण्याच्या वाफ्यात शोधून काढले. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. त्याचे आयुष्य आणि त्याने निवडलेले पीक, दोन्ही समजून घेतले तर बियाण्याबाबतचे तुमचे अनेक निर्णय सोपे होतील.

वेठीच्या गावातले बालपण

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. जन्मनाव योहान. वडील अँटोन यांची थोडी जमीन होती, पण आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती. त्यांना फळझाडांची आवड होती. गावच्या धर्मगुरूंकडून लोकांना कलमे बांधण्याचे शिक्षण मिळत असे. चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या झाडावर बांधली की फळ काडीच्या झाडासारखे येते, हे योहानने लहानपणीच पाहिले.

मुलगा हुशार म्हणून त्याला शिकायला बाहेरगावी पाठवले, पण पैसे अपुरे होते. शाळेत त्याला अर्धपोटी राहावे लागले. १८३८ मध्ये वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. एकुलता मुलगा म्हणून शेत सांभाळण्याची जबाबदारी योहानवर येणार होती. शेवटी शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे गेले आणि धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. मेंडेल हे विसरले नाहीत. पुढे थेरेसियाच्या तीन मुलांच्या शिक्षणाला त्यांनी मदत केली.

मठ, शाळा आणि हुकलेली परीक्षा

१८४३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाले. तिथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटापाण्याची काळजी मिटावी आणि अभ्यास करता यावा, हे मठात जाण्याचे एक मोठे कारण होते. हा मठ विद्वानांचा होता. मठाच्या मालकीच्या जमिनी होत्या आणि मठाधिपती सिरिल नाप यांना शेतीत रस होता. ब्रनो तेव्हा लोकरीच्या कापडाचे केंद्र होते. चांगल्या मेंढ्यांचे गुण पिल्लांत कसे उतरतात, यावर तिथले मेंढपाळ आणि जमीनदार चर्चा करत. म्हणजे अनुवंशिकतेचा प्रश्न तिथे पुस्तकी नव्हता, तो पैशाचा होता.

आजारी माणसांच्या भेटीला जाण्याचे धर्मगुरूचे काम मेंडेल यांना झेपेना. दुसऱ्याचे दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडत. म्हणून त्यांना शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. शिकवण्यात ते चांगले होते, पण कायम शिक्षक होण्याची परीक्षा १८५० मध्ये ते नापास झाले. नाप यांनी त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे ते डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले, शिवाय गणितही शिकले. १८५६ मध्ये त्यांनी परीक्षेसाठी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याचे संकर सुरू केले.

वाटाणाच का निवडला?

वाटाण्याचे फूल उमलण्याआधी कळीतच त्याचे परागीभवन होते. त्यामुळे वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो. पण संकर करायचा असेल, तर कळी अलगद उघडून पुंकेसर चिमट्याने काढून टाकता येतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावता येतात. वाटाणा एका हंगामात येतो, थोड्या जागेत भरपूर दाणे देतो आणि त्याचे फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतात. ज्या वनस्पतीवर केलेला अभ्यास इतर पिकांनाही लागू पडतो, तिला शास्त्रज्ञ मॉडेल वनस्पती म्हणतात. वाटाणा ही अनुवंशशास्त्राची पहिली मॉडेल वनस्पती ठरली.

मेंडेल यांनी थेट संकर केले नाहीत. आधी बियाणे विक्रेत्यांकडून ३४ वाण आणले, दोन वर्षे पेरून ते खरेच शुद्ध आहेत का ते तपासले आणि त्यांतले २२ निवडले. मग सात जोड्या धरल्या : दाणा गोल की सुरकुतलेला, दाण्याचा आतला रंग पिवळा की हिरवा, फूल जांभळे की पांढरे, शेंग फुगीर की दाण्यांमध्ये दबलेली, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, फुले खोडाच्या बाजूने की शेंड्याला, झाड उंच की बुटके. आपल्या कृषी विद्यापीठातले पैदासकार आजही चाचणीआधी शुद्ध वाण तयार करतात, ते याच कारणासाठी. सुरुवातीचे बीच भेसळीचे असेल, तर पुढच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

कीड त्यांच्याही मागे होती. वाटाण्याच्या दाण्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्यावर त्यांनी १८५४ मध्येच टिपण लिहिले होते. हा भुंगेरा फुलात शिरला तर परागीभवनात गडबड होऊ शकते, याचाही विचार त्यांनी केला होता.

सात हजार दाणे मोजले तेव्हा

गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती कुठेच नाही. त्या काळी समज असा होता की आई-वडिलांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळतात. त्या हिशेबाने सुरकुती संपायला हवी होती.

मेंडेल यांनी हे गोल दाणे पेरले आणि झाडांना स्वतःचेच परागीभवन होऊ दिले. दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते. रंगाच्या बाबतीत ८,०२३ दाण्यांत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. उंचीच्या बाबतीत १,०६४ झाडांत ७८७ उंच आणि २७७ बुटकी. प्रत्येक वेळी प्रमाण साधारण तीनास एक. गेलेला गुण एका पिढीपुरता लपला होता आणि जसाच्या तसा परत आला.

इथे थांबले असते तरी नाव झाले असते. पण त्यांनी दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांची ५६५ झाडे वाढवून पुढची पिढी तपासली. १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे दिले. म्हणजे वरून सारखे दिसणाऱ्या दर तीन गोल दाण्यांपैकी दोनांच्या पोटात सुरकुती लपलेली होती. डोळ्यांना दिसणारा गुण वेगळा आणि बियाण्यात असणारा गुण वेगळा, हे पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाले.

त्यांचा निष्कर्ष असा : प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पराग किंवा बीजांड तयार होताना हे दोन घटक वेगळे होतात आणि पुढच्या पिढीला त्यांतला एकच मिळतो. दोनांपैकी एक प्रभावी असेल तर दुसरा झाकला जातो, पण नष्ट होत नाही. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८ हजार झाडे अभ्यासली.

हा हिशेब तुमच्या शेतात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. संकरित टोमॅटो, मिरची किंवा मका ही पहिली पिढी असते. म्हणून पूर्ण प्लॉट एकसारखा दिसतो. त्याचे बी धरून पेरले की ती दुसरी पिढी होते आणि लपलेले गुण बाहेर पडतात. काही झाडे उंच, काही खुजी, काही रोगाला बळी पडणारी, फळांचा आकार वेगवेगळा. शिवाय संकराचा जोमही घटतो. मजुरी, खत आणि औषधांचा खर्च मात्र तेवढाच येतो. वाचलेल्या पाकिटाच्या किमतीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते.

याउलट वाटाणा, हरभरा, गहू, सोयाबीन यांचे सरळ वाण स्वपरागीभवनाचे असल्याने घरचे बी वापरता येते. अट एकच, भेसळ काढली पाहिजे. पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यात जांभळ्या फुलाचे झाड दिसले तर फुलोऱ्यातच उपटून टाका, कारण त्याचे दाणे मिसळले की पुढच्या वर्षी ओळखणे अवघड होते. रोगट झाडांचे बीही धरू नका.

एक सावधानता सांगायला हवी. सगळेच गुण तीनास एक या प्रमाणात येत नाहीत. उत्पादनासारखा गुण अनेक जनुकांवर आणि जमीन, पाणी, हवामान यांवर अवलंबून असतो. मेंडेल यांनाही घेवड्याच्या संकरात फुलांच्या अनेक छटा दिसल्या आणि तिथे एकापेक्षा जास्त घटक काम करत असावेत, असे त्यांनी मांडले होते.

दखल कोणी घेतली नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळात हे काम वाचून दाखवले. १८६६ मध्ये ते छापून आले. त्यांनी ४० जादा प्रती मागवल्या. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला. नेगेली यांना वाटाण्याचे महत्त्व कळले नाही. त्यांचा अभ्यास हॉकवीड या शेवंतीच्या कुळातल्या रानटी वनस्पतीवर होता. मेंडेल यांनीही त्यावर काम केले. बारीक फुले हाताळून त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला आणि निकाल वाटाण्याशी जुळले नाहीत. कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हते : हॉकवीडच्या अनेक जातींत परागीभवनाशिवायच बी तयार होते, त्यामुळे बी म्हणजे आईचीच नक्कल असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याचे काम आहे.

१८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि प्रयोगांना वेळ उरला नाही. तरी त्यांनी मधमाश्या पाळल्या, फळझाडांवर काम केले आणि हवामानाच्या नोंदी ठेवल्या. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर लावला. तो अन्यायाचा आहे म्हणून भरायला त्यांनी नकार दिला आणि शेवटची वर्षे या वादात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. शहराने एक चांगला मठाधिपती गेला म्हणून शोक केला. शास्त्रज्ञ गेला, हे फार थोड्यांना माहीत होते.

१९०० मध्ये हॉलंडचे द व्हरिस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेरमाक यांच्या संशोधनातून तेच नियम पुढे आले आणि मेंडेल यांचा ३४ वर्षे पडून राहिलेला निबंध उघडला गेला. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी त्यांचे आकडे अपेक्षेच्या फारच जवळ आहेत, असा आक्षेप घेतला. त्यावर बराच वाद झाला. पण तेच संकर अनेकांनी पुन्हा केले आणि प्रमाण तेच आले. नियम टिकला.

वाटाण्यावरचे पुढचे संशोधन

मेंडेल यांनी घटक मोजले, पण ते घटक म्हणजे काय, हे कळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. १९९० मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस केंद्रातील शास्त्रज्ञांनी सुरकुतीचे कारण शोधले. स्टार्च बनवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा परका तुकडा घुसल्याने ते बंद पडते. मग दाण्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी राहतो. साखरेमुळे दाणा वाढताना जास्त पाणी धरतो आणि वाळताना आकसतो. म्हणूनच अर्केलसारख्या गोड हिरव्या वाटाण्याचे बियाणे सुरकुतलेले असते, आणि उसळीचा पांढरा वाटाणा गोल असतो. सुरकुतलेले बी पाहून ते पोचट आहे, असे समजू नका.

१९९७ मध्ये बुटकेपणाचे जनुक सापडले. बुटक्या वाटाण्यात जिबरेलिन हे संजीवक नीट तयार होत नाही. द्राक्षबागेत तुम्ही जीए वापरता ते याच गटातले. आयआर-८ सारख्या बुटक्या भाताचा बुटकेपणाही जिबरेलिन कमी तयार झाल्यामुळेच आहे, तर हरितक्रांतीतला बुटका गहू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. ओंबी भरल्यावर पीक लोळत नाही, त्यामागे हे आहे.

नंतर वाटाणा मागे पडला. त्याचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचापेक्षाही मोठा आहे आणि तो वाचणे महाग होते. शास्त्रज्ञ मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपाकडे वळले. २००० मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचली गेलेली ती पहिली वनस्पती ठरली. तरीही वाटाण्याने काम सोडले नाही. २००८ मध्ये फांद्या किती फुटाव्यात हे ठरवणारे स्ट्रिगोलॅक्टोन हे संजीवक ओळखण्यात वाटाण्याच्या वाणांचा वाटा होता. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारी याच गटातली द्रव्ये टारफुला या परजीवी तणाचे बी जागे करतात. २०१९ मध्ये वाटाण्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये चीन व इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ७०० वाणांचा अभ्यास करून शेंगेचा रंग, शेंगेचा आकार आणि फुलांची जागा या उरलेल्या तीन गुणांची जनुकेही दाखवून दिली. मेंडेल यांचा हिशेब १६० वर्षांनी पूर्ण झाला.

पुढे काय?

भुरी रोगाचे उदाहरण घ्या. वाटाण्यातले भुरीला प्रतिकारक असे एक महत्त्वाचे जनुक झाकले जाणाऱ्या प्रकारातले आहे. प्रतिकारक आणि रोगाला बळी पडणारा वाण यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळीच झाडे भुरीने पांढरी होतात. ती पाहून कोणी संकर फेकून दिला, तर हातातला प्रतिकार गेला. दुसऱ्या पिढीत चारातले एक झाड स्वच्छ निघते. पूर्वी असे झाड ओळखायला रोग येण्याची वाट पाहावी लागे. आता कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून कोणते जनुक आहे ते सांगता येते. स्वपरागीभवनात मिश्र घटकांचे प्रमाण दर पिढीला निम्मे होते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, सहाव्या पिढीत साधारण ३ टक्के. म्हणून नवा वाण यायला वर्षे लागतात. पानाच्या तपासणीमुळे नको ती रोपे सुरुवातीलाच बाद होतात आणि काम लवकर हातावेगळे होते.

आणि आता हॉकवीड. ज्या गुणाने मेंडेल यांना चकवले, तोच आज शास्त्रज्ञांना हवा आहे. संकरित पिकाने परागीभवनाशिवाय स्वतःची नक्कल असलेले बी दिले, तर त्या बियाण्यात विभागणी होणार नाही आणि शेतकऱ्याला संकरित बीही घरी धरता येईल. भातामध्ये असे प्रयोग प्रयोगशाळेत यशस्वी झाले आहेत. पण असे बियाणे अजून बाजारात नाही. कोणी असे सांगून संकरित वाणाचे घरचे बी विकत असेल, तर घेऊ नका.

लक्षात ठेवा

- पाकिटावर संकरित लिहिले असेल तर त्या पिकाचे बी धरू नका. सरळ किंवा सुधारित वाण असेल तर भेसळ काढून धरता येते.
- नवा वाण एका हंगामावरून ना उचला, ना टाकून द्या. थोड्या ओळींत, जुन्या वाणाशेजारी, किमान दोन हंगाम पाहा.
- डोळ्यांच्या अंदाजावर थांबू नका. झाडे मोजा, शेंगा मोजा, वजन करा आणि वहीत लिहा.
- कृषी सहायकांनी शेतकरी गटात दुसऱ्या पिढीची अडचण समजावताना संकरित मिरचीच्या घरच्या बियाण्याची एक छोटी ओळ मूळ संकरिताशेजारी लावून दाखवावी. दहा भाषणांपेक्षा ती ओळ जास्त पटवते.

मेंडेल यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. मठाच्या बागेतला वाटाण्याचा तुकडा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे जेमतेम अडीच गुंठ्यांचा होता. एवढी जागा तुमच्यापैकी बहुतेकांच्या बांधाच्या आत सापडेल.